माह्या हातची तुही सही

तू मनमिळाऊ होता म्हने. मसनात सरपंच उभे राह्यले अन् बोलले, "शालिकभाऊ म्हनजे मनमिळाऊ मानूस." मंग सोसायटीचे अध्यक्ष उठले, ते म्हनले परोपकारी. मंग एक रिटायर मास्तर उठले, त्याइनं तं तुले अजातशत्रूच करून टाकलं. आपल्या धामणगावची रीतच हाय ना ती, सरनाले आग लागली का श्रद्धांजलीची भाषनं सुरू. मेलेला मानूस कसाबी असो, मसनात तो देवमानूसच असते. मंग कोनीतरी म्हनलं, "आता लहान भाऊ रामदास दोन शब्द बोलतीन."

मी उभा राह्यलो. तोंड उघडलं. तोंडात पयला शब्द आला तो 'खोटारडा' होता. तो गिळला अन् खाली बसलो. लोकं हळहळले. बिचाऱ्याले बोलनं बी सुधरून नाही राह्यलं, एकाच मायच्या पोटचे ना शेवटी, असं म्हनून एकानं माह्या पाठीवरून हात फिरवला.

आता तुले जाऊन सव्वा महिना झाला. तेरवी झाली, गोड जेवन झालं, बैठकीत तुह्या फोटोले हार पडला. फोटोत तू हासून राह्यला. माहा राग मात्र जसाच्या तसा हाय, शालिक. मेला म्हनून मी तुले माफ करीन असं वाटत असलं तं चुकीचं वाटते. मसनात राह्यलेले ते दोन शब्द आज इथं बोलतो, अन् दोनावर थांबनार नाही.

सुरुवात माह्यापासूनच करतो, नाही तं वरतून म्हनशीन का यानं आपलं झाकलं अन् माहंच उघडं केलं. गावात बँकेची शाखा आली तवा मी दहावी नापास होऊन घरी बसलो होतो. बँकेत शटर उघडनं, झाडनं, फरशी पुसनं, टाकी भरनं, टपाल पोस्टात नेऊन देनं, साहेबलोकाइले चहा आननं, हे माहं काम. नोकरी म्हनता येत नव्हती, रोजंदारी होती. सकाळी एका रजिस्टरवर सही केली का तो दिवस आपला. ऐंशी दिवस झाले तवा म्यानेजरनं मले केबिनमंधी बोलावलं. म्हनला, "रामदास, तुझ्या नावावर यापुढे दिवस दाखवता येणार नाहीत. घरातलं दुसरं एखादं नाव सांग. काम तूच करायचं."

काऊन दाखवता येत नाहीत, हे मी इचारलं नाही. इचारायची अक्कलच नव्हती. मी थेट वावरात तुह्याकडे आलो. तू कांद्याच्या वाफ्याइले पानी देऊन राह्यला होता, पायजमा गुडघ्यापर्यंत वर, हातात फावडं. मी म्हनलं, "भाऊ, बँकेत तुहं नाव लावू का? दोन महिने माहं, दोन महिने तुहं." तू वर पाह्यलं बी नाही. "लाव ना बे," म्हनला. "नाव काय झिजते?"

तवा मले तुहा अभिमान वाटला होता, खरं सांगतो. वाटलं, भाऊ असावा तं असा. अकरा वर्सं मी त्या बँकेत दोन नावानं राबलो. तुह्या नावाची सही मी मुद्दाम येगळी बसवली होती. 'श'चं पोट मोठं, अन् 'क'ची शेपटी पार रेघेच्या बाहेर ओढलेली, म्हनजे ती माह्या सहीसारखी दिसू नाही. तू सही करायचा ती पोराच्या अक्षरासारखी, एकेक अक्षर सुटं. माह्या हातची तुही सही तुह्यापेक्षा झोकदार होती. तुले एकदा दाखवली तं तू म्हनला, "अरे वा, हा शालिक तं तलाठी वाटते!" आपन दोघंही लय हासलो होतो.

मंग नवीन म्यानेजर आला. सफाईचा ठेका कोन्या एजन्सीले गेला. एका शनिवारी दुपारी त्यानं मले सांगतलं, सोमवारपासून येऊ नकोस. कागद नाही, नोटीस नाही. अकरा वर्सं मी ज्या शटरले तेल देल्लं, त्याची चाबी टेबलावर ठेवली अन् घरी आलो. माह्या बायकोनं इचारलं, आज लवकर काऊन?

खामगावच्या वानखडे साहेबाचं नाव तूच काढून आनलं होतं. तो मानूस बँकेतून क्लार्क म्हनून रिटायर झालेला, युनियनचं काम पाह्यनारा, चष्म्याले दोरी बांधलेली. आपन दोघं त्याच्या घरी गेलो. त्यानं आपल्याले समजून सांगतलं का हे भांडन गावच्या कोर्टात जात नाही. बँक केंद्राच्या कायद्यात येते, म्हनून आधी केंद्राचा अधिकारी दोन्ही बाजूले बसवून समेट करून पाह्यते. नाही जमलं तं दिल्लीहून एक कागद निघते, अन् तो नागपूरच्या औद्योगिक न्यायाधिकरनात जाते. त्या कागदावर एकच सवाल असते: या मानसाले कामावरून काढलं ते बरोबर का चूक, अन् चूक असन तं त्याले काय द्यायचं. "तिथं मोठा वकील लागत नाही," तो म्हनला, "मी उभा राहीन तुमच्यासाठी. फक्त काढल्याच्या आधीच्या बारा महिन्यांत दोनशे चाळीस दिवस काम केल्याचं दिसलं पाहिजे. तेवढं दिसलं तर बँकेला असं तोंडी हाकलता येत नाही."

त्या दिवशी खामगावहून परत येतांनी बसमधी तू माह्या मांडीवर थाप मारली. "रामदास, रजिस्टरमंधी नावं दोन हायेत ना? मंग अर्ज बी दोन. दोघंही लागू. एका घरात दोन नोकऱ्या!"

आता पाह्य, इथं मी तुह्याएवढाच बेअक्कल होतो. मी नाही म्हनायले पायजे होतं. पन मले बी गोड वाटलं. तुह्या नावानं मले अकरा वर्सं काम भेटलं, तं तुले बी काही भेटावं, असं वाटलं. आपन वानखडेले सांगतलं का दोघं भाऊ पाळीपाळीनं काम करत होतो. त्यानं दोन अर्ज केले, समेट काही झाला नाही, दिल्लीहून दोन कागद आले. तू आपलं शपथपत्र बी करून देल्लं, का तुह्या नावाचे सारे दिवस तूच राबला. अंगनात आपन दोघाइनं चहा पेला अन् भविष्य रंगवलं. कोन सकाळची पाळी करीन, कोन दुपारची!

मंग बँकेचं उत्तर आलं. वानखडेनं मले एकट्यालेच बोलावून वाचून दाखवलं. शेवटच्या वर्सात रामदास एकशे तीस दिवस, शालिक एकशे बावीस दिवस. दोघांपैकी एकाचेही दोनशे चाळीस भरत नाहीत, सबब दोन्ही मागण्या फेटाळाव्या. झालं. बँकेले काहीच करायची गरज पडली नव्हती. मी तिथंच खुर्चीवर रडकुंडीले आलो अन् त्याले खरं सांगून टाकलं, का दोन नावं हायेत पन मानूस एकच, अन् तो मी. वानखडेनं कपाळावर हात मारला. "अरे, पागल झाले काय तुम्ही दोघं! बँकेला तुम्हाला दोन तुकडे करायचे होते, तुम्ही आपल्या हातानं करून दिले."

पन तो शांत झाल्यावर त्यानं रस्ता बी सांगतला. म्हनला, तिथले साहेब नुसतं रजिस्टर पाहत नाहीत. कागदामागं खरा मानूस कोन राबला, हे पाह्यसाठीच ती खुर्ची हाय. मालकानं दोन नावाच्या आड एक मानूस लपवला असन तं ते त्याले बाहेर काढू शकतात. पन त्यासाठी शालिकनं उभं राहून सांगतलं पायजे, का नाव माहं होतं अन् घाम भावाचा. एकशे तीस अन् एकशे बावीस, दोनशे बावन्न. बारा दिवस वर.

मी तसाच तुह्या अंगनात आलो. तू बाजेवर बसून लसनाच्या गड्ड्या निवडत होता. मी सारं सांगतलं. मले वाटलं तू म्हनशीन, अरे एवढंच ना, चाल. तू गड्डी खाली ठेवली अन् म्हनला, "मी शपथेवर लिहून देल्लं हाय. आता फिरवलं तं मलेच आत टाकतीन."

"नाही टाकत भाऊ. वानखडे म्हनला, आपनहून खरं सांगतलं तं साहेब समजून घेते."

"वानखडेच्या बापाचं काय जाते? अन् माह्या पोरीच्या, मायाच्या, सासरच्याइले मी काय सांगू? बँकेची केस चालू हाय, मी लागनार हाय, असं सांगून सोयरीक जमवली म्या."

"मंग माहं काय भाऊ? मी अकरा वर्सं झाडलं तिथं."

तवा तू ते बोलला. आठवते का तुले? मले तं झोपेतून उठवून इचारलं तरी सांगीन. तू म्हनला, "तुहं तं होऊन जाईन रे. पन मले काय भेटते त्याच्यात?" अन् मंग, जसं काही आपला हक्क सांगून राह्यला, तसं वरून टाकलं, "अन् वीस दिवस मी बी झाडलं ना तथी!"

हाव. झाडलं. ते मी नाकारत नव्हतो. शेवटच्याच वर्सी मले टायफाइड झाला होता, अंगात उभं राह्यची ताकत नव्हती. बदली मानूस लागला तं बँक त्यालेच ठेवून घेईन, या भेवानं मी खाटेवर रडत होतो. तू काही न इचारता सकाळी उठून बँकेत गेला. वीस दिवस गेला. आधी बँक झाडायची अन् मंग वावरात जायचं. दुपारी येऊन माह्या खाटेजवळ बसायचा अन् कटकट करायचा. "टाकीचा वॉल दाराच्या मांगं हाय, हे सांगतलं काऊन नाही बे? अर्धा घंटा शोधला." "त्या कॅशियरले बिनसाखरेचा चहा लागते, मी साखरेचा देल्ला तं खेकसला माह्यावर." मी खाटेवरून सांगायचो, तिजोरीच्या खोलीपुढची फरशी वल्ली ठेवायची नाही, स्टेशनरीच्या कपाटाची चाबी घड्याळामांगं असते. सही मात्र तुले करू देल्ली नाही. तुह्या सुट्या अक्षरानं घोटाळा झाला असता. बरा झाल्यावर मीच वीस दिवसाच्या सह्या एकदम मारल्या. तू त्या दिवसाचं काही मांगलं नाही. उलट माह्यासाठी वहिनीच्या हातचं मुगाचं पानी घेऊन यायचा. मायच्या मांगं माह्यासाठी एवढं कोनी केलं नाही, हे मी तवाबी म्हनत होतो, आजबी म्हनतो.

म्हनूनच तं तुहा राग जास्त येते. हरामखोर मानूस असता तं सोडून देल्लं असतं. वीस दिवसाच्या बदल्यात तू माहे अकरा वर्सं घेऊन बसला.

त्या दिवसापासून आपलं बोलनं बंद. दीड वर्स. एका भिंतीचं अंतर अन् दीड वर्स! तू मोटारसायकल काढायचा तं मी तोंड फिरवायचो. मायाच्या लग्नात मी अक्षता टाकल्या अन् न जेवता घरी आलो. वहिनी भिंतीवरून भाजीची वाटी पुढं करायची, ती माही बायको घ्यायची, मी खात नव्हतो. तुह्या घरची वांग्याची भाजी मले लय आवडते, तरी.

मंग नागपूरची तारीख आली, तुह्या साक्षीची. तू मलकापूरचा आपला येगळा वकील केला होता. दोन्ही केसा साहेबाइनं एकत्र घेतल्या होत्या, त्याच्यानं मी अन् वानखडे बी तिथं. मले त्या जागेचं भेव वाटत होतं, पन ते कोर्टासारखं अंगावर येनारं नव्हतं. साधं टेबल, साहेब चष्मा लावून बसलेले, बाजूले टायपिंग करनारी बाई. साहेब तुले म्हनले, "घाबरू नका, तुमच्या भाषेत सांगा. जे खरं आहे तेवढंच सांगा." किती सोपं करून देल्लं होतं त्याइनं! मी देवाचा धावा करून राह्यलो, का आता तरी बोल शालिक, आता तरी.

बँकेच्या वकिलानं तुले इचारलं, टाकीचा वॉल कुठं होता? तू म्हनला, दाराच्या मांगं. स्टेशनरीच्या कपाटाची चाबी? घड्याळामांगं. कॅशियरचा चहा? बिनसाखरेचा. खाडखाड, खाडखाड. माह्या खाटेवरून मी तुले जे जे शिकवलं, ते ते तू माह्याच इरोधात सांगून राह्यला होता. वकिलानं इचारलं, "भाऊ आजारी होता तेव्हा काम कोण करत होतं?" तू म्हनला, "तवा तं मीच होतो साहेब, वीस दिवस." तेवढं एक वाक्य खरं होतं. बाकी सारी थाप.

मंग त्यानं तुह्यापुढं कोरा कागद ठेवला. म्हनला, सही करून दाखवा.

मले वाटलं, आता सापडला. आता काढतो हा आपले सुटे सुटे अक्षरं. तू पेन घेतला, कोपर टेबलावर टेकवला, अन् 'श'चं पोट मोठं काढलं. 'क'ची शेपटी रेघेच्या बाहेर ओढली. माही सही! माह्या हातची तुही सही, तू गिरवून गिरवून शिकून आला होता. कुठं बसून शिकला रे? बियाण्याच्या थैल्याइवर? किती दिवस लागले? वीस दिवस तं लागलेच असतीन. मी बाकावरून वरडलो, "खोटं हाय साहेब! ही सही माही हाय!" वानखडेनं मले खाली ओढलं. साहेब रागावले नाहीत. म्हनले, "बसा. तुमची पाळी येईल तेव्हा मी तुमचं पूर्ण ऐकणार आहे." तू मान वर करून माह्याकडं पाह्यलं नाही. वेळ संपली अन् वानखडेनं घ्यायची तुही उलटतपासनी पुढच्या तारखेवर गेली. येतांनी आपन एकाच गाडीनं आलो, दोन येगळ्या डब्यात बसून.

ती पुढची तारीख तू पाह्यलीच नाही.

वहिनीची हाक भिंतीवरून आली तवा सकाळचे नऊ वाजले असतीन. तू फवारनीचा पंप पाठीवर घेता घेता वावरात खाली बसला होता. शेजारच्याची गाडी काढली, मोताळ्याच्या दवाखान्यात नेऊ म्हनलं. मांगच्या सीटवर तुहं डोकं माह्या मांडीवर. दीड वर्सानं तुले हात लावला. घामानं तुही बंडी वल्लीचिंब होती. अन् मी काय केलं, सांगू? कोनाले सांगतलं नाही, बायकोले बी नाही. मी वाकून तुह्या कानाजवळ म्हनलं, "तारखेले खरं सांगशीन ना?"

मरनाऱ्या भावाले मी तारीख इचारली. छातीवर हात फिरवायचा, देवाचं नाव घ्यायचं, ते राह्यलं बाजूले. तू डोळे उघडले, माह्याकडं पाह्यलं. "पानी," म्हनला. गाडीत पान्याची बाटली नव्हती. फाट्यावर गाडी थांबवून संगतची पोरं पानी आनेलोक तू गेला होता. ते "पानी" म्हनजे हाव होतं का नाही, याचा मी लय इचार केला. काही नव्हतं ते. तहान लागली होती तुले, एवढंच.

अन् आता मसनातलं. दोन शब्द न बोलता मी खाली बसलो, तवा खिशात फोन वाजला. वानखडे. बाजूले जाऊन घेतला. म्हनला, "वाईट झालं रे रामदास." मंग म्हनला, "आज सांगू नये, पण सांगतो. त्याची माझ्याकडून उलटतपासणी झालेली नाही. आता त्याच्या शपथपत्राला फारसं वजन राहत नाही. आपली बाजू मोकळी झाली."

मले बरं वाटलं. तुह्या सरनासमोर उभं राहून मले बरं वाटलं, शालिक. छातीवरून वझं उतरल्यासारखं झालं, अन् मंग स्वताचीच अशी किळस आली का तिथंच वकारी आली. लोकाइले वाटलं, रडून राह्यला.

परवा तारीख होती. साहेबाकडून वहिनीच्या नावानं कागद आला होता, का वारस म्हनून तुम्हाले ही केस पुढं चालवायची का. वहिनी म्हनली, "भाऊजी, मले घेऊन चला. मले ते मिटवायचं हाय." आदल्या दिवशी मलकापूरहून गाडी धरली, नागपुरात नातेवाइकाकडं मुक्काम केला. रस्त्यानं वानखडेचा फोन. त्यानं इचारलं, "ते आजारपणातल्या वीस दिवसांचं काय रे? शालिक साक्षीत म्हणाला होता. ते खरं असेल तर दोनशे बावन्नातून वीस जातात. दोनशे बत्तीस राहतात." मी वहिनीच्या बाजूलेच बसून होतो. मी म्हनलं, "काही नाही ते. थाप हाय." वहिनी खिडकीतून बाहेर पाहत होती.

साहेबाइनं आधी वहिनीले समोर बोलावलं. खुर्ची देल्ली. म्हनले, "तुमच्यावर कोणाचा दबाव आहे का? तुमचा हक्क आहे, तुम्ही पुढे चालवू शकता." असं दोनदा इचारलं. वहिनी म्हनली, "नाही साहेब, मले नाही चालवायचं. माह्या दिराचं काय ते पाहा." अंगठा देल्ला अन् मांगच्या बाकावर जाऊन बसली, पदर डोक्यावरून घेऊन.

मंग मी. बँकेचा वकील तोच. त्याले बी तुहं ते वाक्य आठवत होतं. फाईल चाळून त्यानं इचारलं, "तुम्हाला शेवटच्या वर्षी टायफॉइड झाला होता. त्या काळात बँकेत काम मयत शालिकनं केलं. बरोबर?"

वीस दिवसाचा सवाल होता. हाव म्हनलं असतं तं अकरा वर्सं गेले असते. साहेब माह्याकडं पाहून राह्यले होते. त्याइच्या नजरेत काही वाईट नव्हतं, नुसतं आयकायले बसलेला मानूस. दीड वर्स मी तुह्या नावानं बोटं मोडत होतो, का एवढ्या भल्या मानसासमोर, एवढ्या मोकळ्या जागेत, तुह्या तोंडून खरं काऊन निघालं नाही. मी म्हनलं, "नाही साहेब. अंगात ताप असून मीच जात होतो."

"शालिक एकही दिवस आला नाही?"

"एकबी दिवस नाही."

टायपिंगवाल्या बाईनं ते टाईप केलं. मी खाली सही केली, माही. वकील बसला. मी मांगं वळून पाह्यलं नाही, पन कान तिकडंच होते. वहिनी उठून बोलीन, असं वाटलं. कोनी काही बोललं नाही. बाहेर येऊन वानखडे म्हनला, "जिंकलो समज. निकाल लागायला वेळ जाईल, पण जिंकलो."

येतांनी गाडीत वहिनीनं भाकर सोडली. माह्या हातावर भाकर अन् वांग्याची भाजी ठेवली. मी खाल्ली, शालिक. वर्धा गेलं, बडनेरा गेलं. मंग भाकरीचं फडकं घडी करता करता म्हनली, "तुम्ही तापात होते तवा याइचा बँकेतला डबा मीच भरत होती, भाऊजी. वीस दिवस. दोन भाकरी अन् झुनका." मंग म्हनली, "साहेबाइनं मले ते इचारलं नाही. इचारलं असतं तं मी काय सांगतलं असतं, देवाले ठाऊक." अन् फडकं पिशवीत ठेवून तिनं डोळे मिटले.

माह्या खाटेजवळ तू बसला होता, ते वीस दिवस मी पुसून टाकले. तू माहं काम चोरलं, मी तुहं पुन्न चोरलं. नोकरी लागन मले. लोकं म्हनतीन रामदासनं लढून मिळवलं. तुह्या खोट्यापायी मी दीड वर्स तुह्याशी बोललो नाही. माह्या खोट्यापायी माह्याशी बोलनं टाकायले आता तूच नाही. तू असता तं अंगनात उभा राहून साऱ्या गल्लीले आयकू जाईन अशा शिव्या देल्या असत्या. दे ना भाऊ. मी बाहेर येऊन उभा हाय.